स्टेशनागणिक उतरणारा भाव

उल्हासनगर, कॅम्प चार. जूनचा पहिला रविवार. सकाळचे नऊ वाजलेत. आभाळ भरून आलंय, पण पाऊस पडत नाही आणि उकाडा हटत नाही. एका पाच मजली इमारतीच्या जिन्यापाशी महापालिकेची नोटीस डकवलेली आहे. पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींची यादी निघते. यंदा त्या यादीत ही इमारत आहे. वर्ग सी-टू-ए, म्हणजे आधी रिकामी करायची, मग दुरुस्त करायची. नोटिशीखाली कुणीतरी स्कूटर लावलीय. शेजारच्या गाळ्यात टेलर जीन्सला टीप मारतोय.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन जिन्याशी थांबतात. मी नोटीस वाचतोय हे बघून म्हणतात, "वाचली ना? आता पुढचं तुम्हीच सांगा. रिकामी करा लिहिलंय. जा कुठे, ते लिहिलंय का?"

त्यांच्या मागोमाग मी वर जातो. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या चौकात लोखंडी टेकू उभे केलेत. अंग चोरूनच पुढे जावं लागतं. काकूंच्या घरात आतल्या खोलीचं प्लास्टर सुटलंय, स्लॅबच्या सळ्या बाहेर आल्यात आणि गंजून फुगल्यात. पलंग भिंतीकडे सरकवलाय. मधली जागा मोकळी. "तिथे कुणी बसायचं नाही असा घरात नियम आहे," काकू सांगतात. "नातवाला सुद्धा माहितीय."

घर घेतलं १९९६ साली. त्यासाठी अंगावरचं सोनं मोडलं. विकताना बिल्डर इथेच खुर्ची टाकून बसायचा; इमारत भरली आणि तो दिसेनासा झाला. सोसायटी नोंदलेली नाही. कागद म्हणून जे आहे ते स्टॅम्पपेपरवरचं नोटरी केलेलं अ‍ॅग्रीमेंट. जमिनीची सनद इथे आधी असलेल्या बॅरेकच्या मूळ मालकाच्या नावावर, आणि त्याचे वारस किती, कुठे, हे कुणाला धड सांगता येत नाही.

चौथ्या मजल्यावरचा मुलगा आवाज ऐकून खाली येतो. ठाण्यात नोकरीला आहे, तिशीचा. त्याचं म्हणणं सरळ आहे. "टेकू लावून किती वर्षं काढणार, काकू? पाडून नवीन बांधायला हवी. आजूबाजूच्या चार इमारती मिळून केलं तर होईल."

"तू म्हणतोस ते बरोबर आहे रे," काकू म्हणतात, "पण एकदा बाहेर पडलो की परत आत कोण घेतं? समोरची बघ. ती रिकामी केली, पाडली, आता तिथे गाड्या लागतात. माणसं कुठे गेली?"

"कागद करून घ्यायचा."

"कुणाकडून? बिल्डर येऊन गेले दोन. मोजमाप करून गेले, ते गेलेच."

बिल्डर का परत येत नाहीत हे त्या मुलालाही ठाऊक आहे. या इमारतीत मंजुरीपेक्षा जास्तच बांधलेलं आहे. आहे त्या माणसांना आहे तेवढी जागा द्यायची म्हटली तरी चटई क्षेत्राचं गणित जुळवता जुळवता जीव जातो. मग विकायला उरणार काय? नफा नाही तिथे बिल्डर नाही, आणि बिल्डर नाही तिथे पुनर्विकास नाही.

खाली उतरतो तोवर टेलरच्या गाळ्यात एक सिंधी चाचा येऊन बसलेत. सत्तरीच्या पुढचे. त्यांचा जन्म बॅरेकमधला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करानं ट्रान्झिट कॅम्प उभारला होता. फाळणी झाली, सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्या रिकाम्या बराकींत आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि उल्हासनगर नाव दिलं. म्हणजे हे अख्खं शहर बेघरांना छप्पर देण्याच्या सरकारी कामातूनच उभं राहिलंय. चाचा मराठी-हिंदीची मिसळ करत बोलतात. "एका खोलीत नऊ जण होतो आम्ही. मधे गोणपाटाचा पडदा. लेकिन सकाळी उठून पहिलं छताकडे बघायला लागत नव्हतं."

मग बराकी पाडून वर मजले चढले. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११च्या जनगणनेत ५ लाख ६ हजार माणसं मोजली गेली. जागा आडवी वाढायला नव्हती, ती उभी वाढली आणि बहुतेक परवानगी न घेता वाढली. ८५५ बेकायदा इमारतींचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, हातोडे चालले, लोक रस्त्यावर आले. अखेर २००६ मध्ये राज्य सरकारनं केवळ या एका शहरासाठी कायदा केला: दंड भरा, इमारत नियमित करून घ्या. त्या वाटेनं फार थोड्या इमारती पार झाल्या. २०२१च्या मे महिन्यात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब वरपासून खालपर्यंत कोसळले, माणसं दगावली. दोन्ही इमारती नव्वदीच्या दशकातल्या. काकूंच्या इमारतीच्या वयाच्या.

"तुमचं काय?" मी टेलरला विचारतो.

तो मशीन थांबवत नाही. "मी भाडेकरू. नोटीस मालकाला येते, मीटिंगला मालक जातो. बिल्डिंग खाली झाली तर त्याला कधी ना कधी काहीतरी मिळेल. माझं नाव कुठल्या यादीत आहे? गाळा इथे, गिऱ्हाईक इथे, पोरांची शाळा इथे. लांब स्वस्तात घर देतो म्हणाले तरी तिथे मी शिवू कुणाचं?"

चाचा मान हलवतात. त्यांचा मुलगा बदलापूरला राहायला गेलाय. उल्हासनगरात घेण्याची ऐपत नव्हती.

*

अंबरनाथ. उल्हासनगरहून एकच स्टेशन. रविवार असल्यामुळे गाडीत उभं राहायला ऐसपैस जागा आहे. पश्चिमेला उतरून शेअर रिक्षानं विम्को नाक्याला येतो. काडेपेट्यांच्या ज्या कारखान्यामुळे हे गाव उद्योगांच्या नकाशावर आलं, त्याचं नाव आता नाक्यापुरतं उरलंय. रिक्षावाला मात्र "विम्को, विम्को" असंच ओरडतो.

बुवापाड्याच्या बाजूला एका बैठ्या चाळीत दुपारचं धुणं चाललंय. दारातल्या नळाला पाणी आलंय, तेव्हा बोलायला कुणालाच वेळ नाही. पिंप भरली, हंडे भरले, नळ फसफसून थांबला, की मग माणसं दारात येऊन बसतात.

कडेच्या खोलीत चार पोरं राहतात. सगळी परभणीकडची, आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटी कामगार. दोघं दिवसपाळीला, दोघं रातपाळीला, म्हणून चौघांना दोन गाद्या पुरतात. रविवार हा एकच दिवस चौघं एकत्र असतात आणि त्या दिवशी झोपायची पंचाईत होते. त्यातल्या एकाचं गेल्या वर्षी लग्न झालंय. बायको गावी आहे.

"आणायचीय हो," तो म्हणतो. "पण वेगळी खोली घ्यायची तर डिपॉझिट आधी पाहिजे. दर अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट, एजंटला एक महिन्याचं भाडं, वर घरमालक पाचशे-हजार वाढवणार. पगारातलं उरतं काय?"

"कर्ज काढून घर?"

चौघंही हसतात. "बँकेत गेलतो ना. साहेब म्हणले, सॅलरी स्लिप आणा. कंत्राटदाराला स्लिप मागितली तर म्हणतो, उद्यापासून येऊ नको."

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरांतला सर्वांत गाजलेला भाग व्याजाच्या सवलतीचा होता. कमी उत्पन्न गटासाठीची ती सवलत ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाली. १ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा लागू झाला आणि सवलत परत आली: घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंतचं असेल तर जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, पाच हप्त्यांत. सवलत चांगली आहे; पण ती कर्जामागून येते आणि कर्ज स्लिपमागून. ज्याला स्लिप नाही त्याच्यापर्यंत ती पोचणारच नाही. याच दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचाही एक भाग आहे. चाळीतल्या एकानेही त्याचं नाव ऐकलेलं नाही.

समोरच्या पडवीत एक काका बसलेत, पांढरा बनियन, हातात पेपर. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत. ते आपणहून बोलायला लागतात. "आमच्या वेळी नोकरी लागली की क्वार्टरसाठी नंबर लागायचा. उशिरा मिळायचं, पण मिळायचं. बारा मिनिटं चालत ड्युटीवर. पोरं इस्टेटीतल्याच शाळेत. रिटायर होताना क्वार्टर सोडलं आणि प्रॉव्हिडंट फंडातून इथं घेतलं. आमची आख्खी हयात भाड्याच्या घरात गेली म्हणा ना, पण कुणी हाकललं नाही. या पोरांना कोण क्वार्टर देतंय? कारखान्याला माणूस पाहिजे, माणसाची रात्र नको."

धुणं आटोपून एक मावशी ओट्यावर टेकतात. त्या रोज सकाळी पुलावरून पूर्वेला जातात, कानसई भागात चार घरी पोळ्या लाटतात. तिथल्या नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर त्यांचं एक काम आहे. "बाई चांगली आहे. म्हणते, मावशी, तुम्ही पण घ्या ना एखादा वन-आरके, सरकार पैसे देतंय. मी म्हटलं, ताई, तुमच्या चार घरांचे पैसे मिळून माझं भाडं निघतं. हप्ता भरायला अजून चार घरं धरली तर घरी झोपायला कधी येऊ?"

त्यांना घर हवंय का, असं विचारल्यावर त्या जरा विचार करतात. "मालकीचं कुणाला नको? पण मला विचाराल तर आधी पाच वर्षं कुणी उठवू नये. गेल्या खेपेला खोली बदलली तेव्हा पोरीची शाळा अर्ध्या वर्षात सुटली. एकाच खोलीत ती दहावी होऊ दे."

काका पेपर खाली ठेवतात. त्यांना हे पटत नाही. भाड्याचं घर म्हणजे भाड्याचंच, असं त्यांचं मत; उतारवयात डोक्यावर स्वतःचं छप्पर नसलं तर पोरंही विचारत नाहीत. मावशी म्हणतात, "तुम्हाला फंड होता, काका." यावर ते काही बोलत नाहीत.

*

बदलापूर पूर्व, दुपारचे चार. स्टेशनबाहेर एजंटांची पोरं उभी आहेत. गळ्यात ओळखपत्र, हातात माहितीपत्रकं. मुंबईकडून गाडी आली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जोडप्याकडे ती धावतात. "वन बीएचके बघायचाय का सर? गाडी आहे आपली, साइटवर नेऊन परत सोडतो." रविवार हा इथला घरं दाखवायचा दिवस. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापुरात ९८ हजार माणसं होती, २०११ मध्ये १ लाख ७४ हजार. त्यानंतर किती वाढली हे सांगायला जनगणना लागत नाही. स्टेशनवरून कात्रपकडे निघालेल्या रिक्षात बसलं तरी पुरे. दोन्ही बाजूंना हिरवी जाळी लावलेल्या इमारतीच इमारती.

मी एका जोडप्याबरोबर साइटच्या गाडीत बसतो. ती दोघं दिव्याहून आलीत. दिव्याला भाड्यानं राहतात. तो कुर्ल्याला गोदामात सुपरवायझर, ती घाटकोपरच्या दवाखान्यात रिसेप्शनला. साइट ऑफिसात एसी थंडगार आहे. टेबलावर इमारतीचं मॉडेल, आत दिवे लावलेले, भोवती प्लास्टिकची झाडं. सॅम्पल फ्लॅटला आतल्या खोल्यांची दारं बसवलेली नाहीत, त्यामुळे तो मोकळा वाटतो. पलंग नेहमीपेक्षा आखूड आहे. नवरा हे ओळखतो, हाताच्या वितीनं पलंग मोजतो आणि बायकोकडे बघून हसतो.

विक्रीवाली मुलगी पाठ केल्यासारखं बोलते. महारेरा नंबर आहे, बँक लोन पास आहे, सवलत मिळेल, बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट. स्टेशन दहा मिनिटांवर.

"आज दहा," बायको म्हणते. "सोमवारी सकाळी किती?"

मुलगी क्षणभर अडखळते. "ट्रॅफिकवर आहे, मॅडम."

नवरा मोबाइलवर हप्ता काढतो. २५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं: महिना साडेबावीस हजार. वीस वर्षांत बँकेला एकूण ५४ लाख जाणार. हप्ता दिव्याच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त. "दोघांचा पगार चालू राहिला तर जमेल," तो म्हणतो. बायको विचारते, "मूल झालं आणि मी दोन वर्षं घरी बसले तर?" मुलगी तोवर पाण्याच्या बाटल्या आणून ठेवते.

पाण्याचंच विचारायला मी बाहेर पडतो. गेटसमोर, रस्त्यापलीकडे, दहा-बारा वर्षांची एक सोसायटी आहे. तिच्या दाराशी टँकर लागलाय, जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडलाय. सोसायटीचे सेक्रेटरी वहीत टँकरची नोंद करतायत.

"हे तुमचं नेहमीचं?"

"मार्चपासून जून. कधी आठवड्याला दोन, कधी रोज. मेंटेनन्स बिलात वेगळी ओळ आहे त्याची." ते पेनानं समोरच्या हिरव्या जाळीकडे बोट करतात. "आम्ही आलो तेव्हा तिकडे भातशेती होती. जीवन प्राधिकरणाची लाइन तीच, त्यावर आता हे सात टॉवर. बारवी धरण आहे हाकेच्या अंतरावर. त्याचं पाणी एमआयडीसीच्या पाइपातून पार मिरा-भाईंदरपर्यंत जातं. आमचं आपलं धरण उशाला आणि कोरड घशाला."

स्वस्त घरं हवीत का, या प्रश्नावर त्यांचं उत्तर तयार आहे. "नकोत. आधी पाणी द्या, मग परवानगी द्या. मी काही नव्या माणसांच्या विरोधात नाही, मीही भांडुपहून आलेलाच. पण नवा आला की माझं पाणी कमी होतं, माझी गाडी भरते. बिल्डर विकून मोकळा, नगरपरिषद विकास शुल्क घेऊन मोकळी. भांडायला उरतो कोण? मी आणि तो नवा."

*

पश्चिमेला हेंद्रेपाड्याच्या बाजूनं उल्हास नदीकडे रस्ता उतरतो. नदी आत्ता गवतात लपलेली, शांत. एका इमारतीच्या तळमजल्यावर भिंतीला छातीच्या उंचीवर मातकट रेघ आहे. वरून रंग दिला तरी ती पुन्हा उमटते. इथे राहणाऱ्या ताई शाळेत शिकवतात. २६ जुलै २००५ चा पूर त्यांनी पाहिलेला नाही, तेव्हा ही इमारतच नव्हती. २०१९ चा पाहिला. त्याच पुरात पलीकडे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढलं होतं. एक्स्प्रेस सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. ताईंचा फ्रिज त्या दिवशी हॉलमध्ये तरंगत होता. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा घरात आलं.

"घेताना रेट कमी का, असं विचारलं होतं मी," त्या सांगतात. "म्हणाले, मॅडम, स्टेशनपासून जरा आत आहे ना. नदीचं नाव कुणी काढलं नाही. रिव्हर व्ह्यू म्हणाले."

आता हे घर विकून दुसरीकडे जायचं तर गिऱ्हाईक पत्ता ऐकूनच फोन ठेवतं. पूररेषेचा नकाशा आल्यापासून इमारत पाडून पुन्हा बांधायचीही धास्ती, कारण निळ्या पूररेषेच्या आत नवी परवानगी मिळणं अवघड. ताईंनी जूनच्या सुरुवातीलाच कागदपत्रांची बॅग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलीय. गॅस सिलिंडर साखळीनं बांधलाय. "ज्यांना अशी घरं विकली त्यांना दुसरीकडे जागा द्या, एवढंच म्हणणं आहे. पैसे भरायला तयार आहोत. पण तेवढ्याच हप्त्यात बसायला पाहिजे, कारण पहिला हप्ता अजून संपलेला नाही."

*

संध्याकाळी स्टेशनच्या पुलाखाली वडापावच्या गाडीजवळ एक म्हातारे गृहस्थ भेटतात. लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि संपला असं कुणी कधी जाहीरच केलं नाही. दोन वर्षं उसनवारीवर काढली, मग चाळीतली खोली सोडून बदलापूर धरलं. तेव्हा इथे जागा मिळत होती आणि रिक्षा मिळत नव्हती. पुढे दादरला वॉचमनची नोकरी केली. बदलापूर ते मुंबई ६८ किलोमीटर. घर ते काम, जाऊन येऊन चार तास, असं वीस वर्षं.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी सरकारनं शेलू आणि वांगणीच्या जागा पुढे केल्या. बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी, त्याच्या पुढचं शेलू. ९ जुलै २०२५ रोजी कामगार आणि वारसदार आझाद मैदानात जमले. आम्हाला मुंबईतच घर द्या, ही त्यांची मागणी होती. हे आजोबाही गुडघे दुखत असताना गेले होते.

"लोक म्हणतात, यांना माज आलाय, फुकटात मिळतंय तर वांगणी नको म्हणतात," आजोबा म्हणतात. "ज्यांनी हा प्रवास एक दिवस केला नाही ते म्हणतात. मी चाळीस वर्षं बदलापुरात काढली, मला विचारा. बायको म्हणायची, तुम्ही घरी राहत नाही, घरी झोपायला येता. घर स्वस्त मिळालं खरं. त्याचे बाकीचे पैसे मी गाडीत भरले."

बाजूला उभी असलेली एक मुलगी हे ऐकतेय. परळच्या हॉस्पिटलात नर्स आहे, उद्या सकाळची ड्युटी. ती उद्याच्या गाडीचा हिशेब सांगते. अंबरनाथ-उल्हासनगरचे लोक जागा मिळावी म्हणून उलटे बदलापूरला येतात, गाडीतून उतरतच नाहीत. बदलापूर लोकल बदलापुरातच भरलेली लागते. त्यावरून दारात रोज भांडणं. कल्याणच्या पुढे दोनच मार्गांवर लोकल, मेल, मालगाडी सगळं चालतं. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन अवघी चौदा किलोमीटरची; २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, काम अजून चाललंय. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं पडली आणि मेली, त्यातली एक गाडी कर्जतची होती, या मुलीच्या वाटेवरची. "त्या दिवसापासून आई मी ठाणं सोडलं की फोन करते," ती सांगते आणि आजोबांना विचारते, "तुमच्या वेळी गाड्यांना गर्दी नव्हती ना?"

"होती. मीच तरणा होतो," आजोबा म्हणतात.

*

दिवसभरात कुणीही मला फुकट घर मागितलं नाही. मागण्या वेगवेगळ्या होत्या, काही एकमेकींच्या विरोधात होत्या, पण प्रत्येक मागणीला नेमका पत्ता होता. काकूंना इमारत सोडताना परत येण्याचा लेखी हक्क आणि मधल्या काळाचं भाडं हवंय. टेलरला यादीत भाडेकरू म्हणून नाव हवंय. परभणीच्या पोराला कारखान्यापासून चालत जाता येईल अशी खोली हवीय आणि मावशींना पाच वर्षं कुणी न उठवण्याची हमी. सेक्रेटरींना परवानगीच्या आधी पाणी हवंय. ताईंना नदीपासून सुटका हवीय, जुन्याच हप्त्यात.

यांतल्या एकाही मागणीचं उत्तर आणखी दोन स्टेशनं पुढे बांधलेली स्वस्त इमारत हे नाही. गेल्या ७५ वर्षांत या पट्ट्यानं मुंबईला नको झालेल्या किंवा मुंबई न परवडलेल्या माणसांना सामावून घेतलं, आणि दर वेळी उत्तर तेच निघालं: पुढचं स्टेशन. भाव स्टेशनागणिक उतरत गेला, उरलेली किंमत माणसांनी वेळ, पाणी आणि भीती यांत मोजली. सरकारला खरोखर स्वस्त घरं द्यायची असतील तर सुरुवात उल्हासनगरच्या टेकू लावलेल्या इमारतींपासून आणि एमआयडीसीच्या भोवतालच्या भाड्याच्या खोल्यांपासून करावी लागेल. तिथली माणसं आधीच तिथे आहेत, त्यांची कामंही तिथेच आहेत, आणि बिल्डरला नफा दिसत नाही म्हणूनच ते काम सरकारचं आहे.

आणि ज्यांना यंदा या बाजूला घर घ्यायचंय त्यांना एवढंच सांगणं आहे. साइटच्या गाडीतून रविवारी येऊ नका. सोमवारी सकाळी साडेसातला त्या इमारतीपासून स्टेशनपर्यंत जाऊन बघा. समोरच्या जुन्या सोसायटीत मे महिन्याचं टँकरचं बिल मागा. महारेराच्या नोंदणीबरोबर तयार इमारतीचा भोगवटा दाखला बघा आणि नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा उघडून आपला सर्व्हे नंबर शोधा. एवढं झाल्यावरही हप्ता झेपत असेल, तर मग बयाण्याचा चेक फाडा.